लोहाची गोळी, चहा आणि ‘एकत्र खाऊ नये’ अशा पदार्थांची यादी

आपण विचारलेला प्रश्न मी समजले तो असा. आपले वय ३४ आहे. चार महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन १०.२ आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) ९ आल्यामुळे डॉक्टरांनी लोहाची आणि कॅल्शियमची अशा दोन गोळ्या लिहून दिल्या. आपण त्या दोन्ही रोज सकाळी नाश्त्यानंतर दुधाच्या चहासोबत न चुकता घेत आहात, तरीही परवाच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.५ च्या पुढे सरकलेले नाही. मधल्या काळात एका परिचितांनी आपल्याला ‘एकत्र खाऊ नये’ अशा पदार्थांची लांबलचक यादी दिली आणि आपण ती पाळू लागलात: फळे फक्त रिकाम्या पोटी, जेवताना पाणी नाही, दुधाच्या आसपास आंबट काही नाही, धान्य आणि प्रथिनयुक्त पदार्थ एका जेवणात नाहीत. डाळी आणि कडधान्ये कोणत्याच खान्यात बसेनात म्हणून ती जवळजवळ सुटली आणि वजन तीन किलोने उतरले. पदार्थांच्या चुकीच्या जोड्यांमुळेच लोह अंगी लागत नसेल का, असे आपण विचारले आहे.

एका जोडीमुळे लागत नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि ती जोडी आपण लिहून पाठवलेल्या यादीत नाही. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि चहा हे तिघे आपल्या पोटात रोज एकाच वेळी उतरत आहेत. यादीतल्या ज्या जोड्यांची आपण धास्ती घेतली आहे, त्यांतील बहुतेकांचा आपल्या रक्ताशी काही संबंध नाही.

मी बावीस वर्षे रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि हा घोटाळा मला जवळजवळ दर आठवड्याला दिसतो. त्याच्या मुळाशी दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. पचन म्हणजे अन्नाचे मोठे रेणू तोडून लहान करणे: पिष्टाची शर्करा होते, प्रथिनांची अमिनो आम्ले होतात, स्निग्धाची स्निग्धाम्ले होतात. शोषण म्हणजे तयार झालेला किंवा सुटा झालेला घटक आतड्याच्या अस्तरातून रक्तात जाणे. निरोगी माणसाचे पचन मिश्र अन्नाने सहसा बिघडत नाही. शोषणाच्या बाबतीत मात्र, विशेषतः लोह, कॅल्शियम आणि जस्त यांच्या बाबतीत, एका घासातला घटक दुसऱ्याला खरोखर अडवू शकतो, कारण हे खनिज आतड्यातील पाण्यात विरघळलेले असले तरच आत शिरते आणि वाटेत कोणी त्याला घट्ट पकडले तर ते तसेच बाहेर पडते. असे अडवले गेल्याचे पोटाला काहीच कळत नाही; गॅस होत नाही, जडपणा येत नाही, दुखत नाही. म्हणूनच लोक पोट फुगवणाऱ्या जोड्यांच्या मागे लागतात आणि लोह अडवणारी जोडी वर्षानुवर्षे चालू राहते.

आता लोहाविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण आपला खरा प्रश्न तिथेच आहे. अन्नातील लोह दोन रूपांत येते. मांस आणि माशांमधील लोहाचा काही भाग हीम या रूपात असतो. त्याचे साधारण १५ ते ३५ टक्के शोषण होते आणि सोबत काय खाल्ले याचा त्यावर थोडाच परिणाम होतो. धान्ये, डाळी, पालेभाज्या आणि गोळ्या यांतील लोह मात्र हीमविरहित असते. त्याचे शोषण २ टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, आणि हा दहापट फरक दोन गोष्टींवर ठरतो: शरीरातील साठा किती रिकामा आहे आणि त्याच वेळी आतड्यात आणखी काय आहे.

चहा आणि कॉफीतील पॉलिफेनॉल, ज्यांना आपण सरसकट टॅनिन म्हणतो, या लोहाला चिकटतात आणि न विरघळणारे संयुग तयार करतात. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच प्रकारच्या जेवणासोबत एक कप कॉफी दिल्यावर लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी आणि चहा दिल्यावर ६४ टक्क्यांनी घटले. त्याच प्रयोगातील दुसरा भाग मला रुग्णांच्या दृष्टीने अधिक मोलाचा वाटतो: कॉफी जेवणाच्या एक तास आधी घेतली तर शोषणावर काहीच परिणाम झाला नाही, पण जेवणानंतर एका तासाने घेतली तर जेवणासोबत घेतल्याइतकीच घट झाली. याचे कारण उघड आहे. आधी घेतलेले पेय जठरातून पुढे निघून गेलेले असते, तर नंतर घेतलेले पेय अजून जठरातून थोडे थोडे उतरणाऱ्या अन्नात जाऊन मिसळते. ‘जेवणानंतर थोड्या वेळाने चहा घेते’ असे सांगणाऱ्या व्यक्तीला मी म्हणूनच नेहमी विचारते की थोडा वेळ म्हणजे किती मिनिटे. चहात दूध घातल्याने ही पकड सुटत असेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तसा विशेष फरक पडत नाही.

कॅल्शियम हा दुसरा अडथळा. एकाच वेळी पोटात आलेले ३०० ते ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम लोहाचे शोषण लक्षणीय कमी करते, मग ते दुधातले असो वा गोळीतले. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे आकडे एकेका जेवणाचे आहेत. संपूर्ण दिवसाचा मिश्र आहार घेऊन आठवडे-महिने मोजमाप केले तर चहाचा, कॅल्शियमचा आणि क जीवनसत्त्वाचाही परिणाम बराच सौम्य दिसतो, कारण दिवसभरात मदत करणारे आणि अडवणारे पदार्थ एकमेकांना सांभाळून घेतात आणि साठा कमी झाला की शरीर स्वतःच अधिक लोह ओढून घेते. ज्यांचा साठा भरलेला आहे त्यांना मी जेवणासोबतचा चहा सोडायला सांगत नाही. आपले फेरिटिन ९ आहे आणि आपण औषधाची मात्रा रोज त्याच चहात बुडवत आहात, म्हणून आपल्याला सांगते आहे.

मदत करणाऱ्यांमध्ये क जीवनसत्त्व सर्वांत भरवशाचे. ते सहज न विरघळणाऱ्या फेरिक रूपातील लोहाला सहज शोषल्या जाणाऱ्या फेरस रूपात आणते आणि लहान आतड्यातही विरघळलेले ठेवते, आणि डाळी, धान्ये किंवा पालेभाज्या असलेल्या जेवणातील लोहाचे शोषण दुप्पट-तिप्पट होऊ शकते. त्यासाठी लिंबाचा रस, पेरू, संत्रे, टोमॅटो किंवा ढोबळी मिरची यांपैकी काहीतरी त्याच जेवणात हवे. सकाळी खाल्लेले संत्रे रात्रीच्या डाळीच्या उपयोगी पडत नाही. फळ नेहमी एकटेच खावे हा यादीतला नियम आपल्या बाबतीत उलटा पडतो आहे तो इथेच. गोळीसोबत मात्र क जीवनसत्त्वाची वेगळी गोळी घेण्याची गरज नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ४४० रुग्णांचा समावेश असलेल्या एका चाचणीत लोहाच्या गोळीला क जीवनसत्त्वाची जोड दिल्याने हिमोग्लोबिन वाढण्यात उपयुक्त असा फरक दिसला नाही, कारण गोळीत मुळातच लोह भरपूर असते आणि ते बहुधा फेरस रूपातच असते.

या सगळ्याचा आपल्या दिवसावर अर्थ असा. लोहाची गोळी सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर किमान एक तास चहा, कॉफी, दूध यांपैकी काही घेऊ नये. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर दोन घास खाऊन घ्यावी, पण ते घास दुधाचे नसावेत. थोडे कमी शोषण झालेले परवडते, मळमळीमुळे गोळी बंद पडलेली परवडत नाही. कॅल्शियमची गोळी दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणासोबत ढकलावी. ती कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर जेवणासोबतच घ्यावी, कारण तिला विरघळण्यासाठी जठरातील आम्ल लागते. सायट्रेटची असेल तर कधीही चालते. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅल्शियम घेण्यात फारसा लाभ नाही, कारण मात्रा वाढते तसा शोषला जाणारा हिस्सा कमी होत जातो. चहा मुख्य जेवणांच्या एक तास आधी किंवा दीड-दोन तासांनी घ्यावा. आपल्याला चहा किती प्रिय आहे ते आपल्या लिहिण्यावरून कळते. तो बंद करण्याचे कारण नाही, फक्त त्याची वेळ हलवायची आहे.

आपण दिवसातून दोनदा गोळी घेऊन भरपाई करण्याचा विचार लिहिला आहे, तो कृपया डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अमलात आणू नये. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक अधिक सोडते आणि ते साधारण एक दिवसभर आतड्यातील लोहाचे दार अर्धवट लावून ठेवते. २०१७ साली झुरिचमधील संशोधकांनी लोहसाठा कमी असलेल्या स्त्रियांना ६० मिलिग्रॅम लोह रोज आणि एक दिवसाआड असे देऊन पाहिले, तेव्हा रोज घेणाऱ्यांमध्ये सुमारे १६ टक्के आणि एक दिवसाआड घेणाऱ्यांमध्ये सुमारे २२ टक्के लोह शोषले गेले. त्यामुळे काही डॉक्टर आता एक दिवसाआड गोळी देतात, आणि त्याने पोटाचा त्रासही अनेकींना कमी होतो. आपल्याला काय योग्य ते हिमोग्लोबिन किती लवकर वाढवायचे आहे यावर ठरेल.

आता यादीकडे वळते. धान्य आणि प्रथिने वेगवेगळी खावीत ही कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम हे (Hay) नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी प्रसिद्धीस आणली. प्रथिनांना आम्ल लागते, पिष्टाला अल्कली लागते, म्हणून दोन्ही एकत्र गेली तर एकही नीट पचत नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. तो ऐकायला पटतो, पण शरीराची रचना तशी नाही. आम्लाचे काम जठरात होते. तिथून अन्न लहान आतड्यात उतरले की स्वादुपिंड बायकार्बोनेट सोडून ते आम्ल शमवते आणि पिष्ट, प्रथिन व स्निग्ध या तिन्हींसाठीची विकरे (एन्झाइम) एकाच रसातून पाठवते. शिवाय निसर्गात ही दोन सुटी मिळतात कुठे? मसुराच्या कोरड्या दाण्यात वजनाच्या जवळपास चतुर्थांश प्रथिने असतात आणि निम्म्याहून अधिक कर्बोदके. हा नियम काटेकोर पाळणाऱ्या माणसाला डाळ सोडावीच लागते आणि आपले नेमके तेच झाले. लोहाची कमतरता असलेल्या आणि मांसाहार न करणाऱ्या व्यक्तीने डाळी-कडधान्ये सोडणे ही मला त्या यादीतली सर्वांत हानिकारक गोष्ट वाटते आणि आपण ती उद्यापासूनच परत सुरू करावीत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जेवणानंतर खाल्लेले फळ जठरात अडकून सडते, असेही यादी म्हणते. १८२५ साली विल्यम बोमाँट या अमेरिकी लष्करी डॉक्टरांना पोटाला कायमचे छिद्र राहिलेल्या एका जखमी माणसाच्या जठरात डोकावण्याची संधी मिळाली. त्यांनी मांस, पाव, कोबी असे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून एकत्रच आत सोडले आणि ठराविक वेळाने ओढून पाहिले. तासाभरात कोबी आणि पाव निम्मे विरघळले होते, मांस जसेच्या तसे होते. शेजारी मांस आहे म्हणून कोबी थांबून राहिला नाही. सडण्यासाठी जिवाणूंची मोठी संख्या लागते आणि जठरातील आम्लात बहुतेक जिवाणू तग धरत नाहीत. फळ जेवणासोबत थोडे सावकाश पुढे जाते, एवढेच, आणि त्यामुळे रक्तातील साखरही सावकाश चढते.

दूध आणि आंबट एकत्र आले की दूध फाटते हे खरे आहे, पण एकटे प्यायलेले दूधही जठरात पोहोचताच आम्लाने आणि पेप्सिन या पाचक विकराने फाटतेच. त्याच्या पचनाची ती पहिली पायरी आहे. जेवताना पाणी प्यायल्याने पाचक रस पातळ होतात, ही भीतीही सोडून द्यावी. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्राव मिळून रोज सुमारे ७ लिटर द्रव शरीर स्वतःच आतड्यात ओतते. त्यात जेवतानाच्या पेलाभर पाण्याने विशेष बदल होत नाही, आणि साधे पाणी जठरातून काही मिनिटांतच पुढे सरकू लागते.

आपल्याला यादी पाळल्यावर पोट हलके वाटले, हे मी खोटे मानत नाही. त्याची कारणे वेगळी असू शकतात. आपण एका वेळी कमी खाऊ लागलात, कडधान्यांतील आतड्यात आंबणारी कर्बोदके कमी झाली आणि दूध जवळजवळ थांबले. ज्यांच्या आतड्यात दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर कमी असते त्यांना दुधाने गॅस आणि जुलाब होतात, मग सोबत फळ असो वा नसो. उलट अशा व्यक्तींना दूध जेवणासोबत थोडे थोडे घेतले तर रिकाम्या पोटी घेतल्यापेक्षा अधिक सोसते. कडधान्यांनी पोट फुगत असेल तर ती रात्रभर भिजवून, पाणी टाकून, मोड आणून आणि पूर्ण शिजवून, सुरुवातीला अर्धी वाटीच खावीत. भिजवण्याने आणि मोड आणण्याने त्यांतील फायटेटही घटते. लोह आणि जस्त यांना धरून ठेवणारा तो घटक आहे, म्हणून हा उपाय दोन्हीकडून कामी येतो. पिठे आंबवण्यानेही तेच साधते. आम्लपित्त वर येण्याचा त्रास असलेल्यांना, जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांना किंवा आतड्याचा निदान झालेला आजार असलेल्यांना मी वरचे सगळे असेच सांगणार नाही. त्यांच्यासाठी पाणी आणि जेवण यांत अंतर ठेवण्यालाही अर्थ असू शकतो.

आपण पालकाचा रस लोहासाठी पिता असे लिहिले आहे, म्हणून दोन ओळी. पालकात लोह आणि कॅल्शियम आहे, पण सोबत खनिजांना पकडून ठेवणारे ऑक्झलेट आणि पॉलिफेनॉलही भरपूर आहेत. मोजमाप झाले तेव्हा दुधातील कॅल्शियमपैकी सुमारे २७ टक्के, तर पालकातील जेमतेम ५ टक्के शोषले गेले. पालक अवश्य खावा, पण शिजवून आणि पाणी काढून, आणि थोड्या तेलासोबत, कारण त्यातील कॅरोटिन आणि के जीवनसत्त्व स्निग्धाशिवाय नीट शोषले जात नाहीत. मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी पालकासोबत दही घ्यावे असे मी सांगते, आणि हे ऐकून लोक चकित होतात. तिथे कॅल्शियमने ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवणे आपल्याला हवेच असते. जोडी चांगली की वाईट हे असे माणसागणिक बदलते.

अन्न आणि औषध यांच्या जोड्यांकडे मात्र कधीही दुर्लक्ष करू नये. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यावी लागते आणि लोह व कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर ठेवावे लागतात. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांसारखी प्रतिजैविके दुधातील कॅल्शियमला आणि लोहाला चिकटतात आणि त्यामुळे कमी शोषली जातात. ग्रेपफ्रूटचा रस आतड्यातील औषधे मोडणारे एक विकर बंद पाडतो, त्यामुळे रक्तदाबाच्या व कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण कितीतरी वाढते. हे १९८९ साली कॅनडात डेव्हिड बेली यांच्या प्रयोगात योगायोगाने लक्षात आले. तिथे वेळेचे अंतरही उपयोगी पडत नाही, कारण परिणाम एका दिवसाहून अधिक टिकतो. आपण आणखी काही औषधे घेत असाल, विशेषतः आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या, तर ते मला किंवा आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगावे. त्या गोळ्यांनीही लोहाचे शोषण घटते आणि आपण त्यांचा उल्लेख केलेला नाही.

वेळा बदलून चार आठवडे झाले की हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे. लोह पोहोचत असेल तर तेवढ्या काळात साधारण १ ते २ ग्रॅमची, म्हणजे १०.५ वरून ११.५ ते १२.५ पर्यंत, वाढ दिसायला हवी. ती दिसली तर हिमोग्लोबिन १२ च्या वर गेल्यावरही फेरिटिन भरून येण्यासाठी गोळी साधारण तीन महिने चालू ठेवावी लागते. ती दिसली नाही, तर आणखी एखादा पदार्थ वगळून पाहू नये. मासिक पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव, आतड्यातून होणारा सूक्ष्म रक्तस्राव, सिलिअ‍ॅक आजार (गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याच्या अस्तराला होणारी इजा) किंवा जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग यांचा शोध डॉक्टरांनी घ्यायला हवा, आणि त्या भेटीला जाताना गोळी कोणत्या वेळी व कशासोबत घेतली याची चार आठवड्यांची नोंद सोबत न्यावी.